नेमाचे रिव्हॉल्वर आणि उशाखालचे रिव्हॉल्वर

डॉक्टर आणि रिव्हॉल्वर ही जोडी आपल्याला रहस्यकथांतूनच परिचित आहे. शेरलॉक होम्सचा सोबती डॉ. वॉटसन लष्करी रिव्हॉल्वर खिशात घालून बाहेर पडत असे, आणि बाबूराव अर्नाळकरांच्या कादंबऱ्यांवर पोसलेल्या आमच्या आधीच्या पिढीला पिस्तुलाच्या आवाजाशिवाय रात्र रंगत नसे. म्हणूनच एका बालरोगतज्ज्ञाने मंडळाच्या स्मरणिकेसाठी हा विषय निवडावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. माझ्या मते मात्र या विषयावर बोलण्याचे काम मुलांच्या डॉक्टरानेच करावे. रिव्हॉल्वर नेमबाजीसाठी अचूक कशाने होते, हे एकदा नीट समजले, की घरात ‘संरक्षणासाठी’ ठेवलेले रिव्हॉल्वर किती निरुपयोगी आणि किती घातक असते, हेही आपोआप समजते. खेळाचे मी मनःपूर्वक समर्थन करतो. उशाखालच्या शस्त्राला माझा तितकाच ठाम विरोध आहे. ही दोन मते परस्परविरोधी नाहीत, एवढेच या लेखातून मांडायचे आहे.

प्रथम यंत्राकडे पाहू. पिस्तुलाला काडतूस बसण्याचे घर एकच असते आणि ते नळीशी जोडलेलेच असते. रिव्हॉल्वरला मात्र फिरत्या सिलिंडरमध्ये पाच किंवा सहा घरे असतात. घोडा मागे ओढला की सिलिंडर एक घर पुढे सरकतो, खाली एक खिट्टी त्याच्या खाचेत बसते, आणि त्या घराची मध्यरेषा नळीच्या मध्यरेषेशी जुळते. ती जुळणी जितकी काटेकोर, तितके शस्त्र अचूक. घर किंचित जरी बाजूला राहिले, तरी मऊ शिशाची गोळी नळीच्या तोंडाशी एका अंगाला खरवडली जाते आणि असमतोल होऊन बाहेर पडते. सहा घरांचे रिव्हॉल्वर म्हणजे एकाच नळीला जोडलेल्या सहा बंदुका, असे म्हटले तरी चालेल. जाणकार नेमबाज म्हणूनच प्रत्येक घराला खूण करून त्याच्या गोळ्या स्वतंत्रपणे तपासतो. एखादे घर सतत डावीकडे मारत असेल, तर ते त्याला ठाऊक असते.

सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये एक फट असावीच लागते, नाहीतर सिलिंडर फिरणार नाही. चांगल्या शस्त्रात ही फट साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर, म्हणजे एकदोन कागदांच्या जाडीएवढी असते. ती अधिक असेल तर तेथून वायू निसटतो आणि गोळीचा वेग दर खेपेस थोडा बदलतो. बेल्जियममध्ये जन्मलेल्या आणि रशियन सैन्याने वापरलेल्या नागां रिव्हॉल्वरमध्ये घोडा चढवताच सिलिंडर पुढे सरकून ही फट बुजवीत असे. पुढे रशियात त्याच तत्त्वावर खास नेमबाजीची रिव्हॉल्वरे तयार झाली. याखेरीज सिलिंडरमधील घराच्या तोंडाचा व्यास नळीच्या आतील व्यासाशी मिळताजुळता हवा. तो लहान असेल तर गोळी चेपली जाते आणि नळीत सैल बसते. नळीच्या टोकाची कडही निर्दोष हवी. गोळी नळी सोडते त्या अखेरच्या क्षणी वायू सर्व बाजूंनी सारखा सुटला नाही, तर गोळीचा मार्ग बदलतो. टोकाकडून निष्काळजीपणे गज घालून सफाई करणारे लोक हीच कड झिजवतात.

काडतुसाचे महत्त्व यंत्राइतकेच आहे. नेमबाजीला जोरदार काडतूस लागत नाही, एकसारखे लागते. .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूस शंभरांहून अधिक वर्षांचे जुने. त्याचा धक्का सौम्य, आवाज बेताचा. त्यात सपाट डोक्याची गोळी भरली, की कागदावर फाटके भोक न पडता पंचने पाडावे तसे स्वच्छ वर्तुळ उमटते आणि गुण मोजताना वाद उरत नाही. आंतरराष्ट्रीय सेंटर फायर स्पर्धेत ७.६२ ते ९.६५ मिमी व्यासाची शस्त्रे चालतात, आणि तेथे हेच .३२ काडतूस फार लोकप्रिय आहे. फ्रान्समधील मानुरँ कंपनीने याच काडतुसासाठी खास नेमबाजीचे रिव्हॉल्वर बनविले होते. नवशिक्याने मात्र .२२ पासूनच आरंभ करावा. धक्क्याची भीती एकदा मनात बसली, की बार उडण्याआधीच मनगट दचकते. एकदा जडलेली ही खोड मोडायला मग महिने लागतात.

आता नेमाची गोष्ट. नळीच्या टोकावर ‘माशी’ असते आणि मागे खाच. खाचेत माशी मधोमध व समतल दिसली पाहिजे. माशी आणि खाच यांतील अंतर २० सेंटिमीटर असेल आणि माशी फक्त एक मिलिमीटरने बाजूला गेली, तर २५ मीटरवर गोळी साडेबारा सेंटिमीटर चुकते. अंतर १० सेंटिमीटर असेल तर तीच चूक २५ सेंटिमीटरची होते. स्पर्धेच्या अचूक नेमाच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे ५ सेंटिमीटर व्यासाचे असते आणि अखेरच्या एक गुणाच्या वर्तुळाचा व्यास ५० सेंटिमीटर. म्हणजे आखूड नळीच्या शस्त्रात एका मिलिमीटरची चूक दहावरून लक्ष्याच्या काठावर नेऊन सोडते. सहा इंची नळी, स्क्रूने वरखाली करता येणारी खाच आणि हातात स्थिर राहील असे वजन या तीन गोष्टी नेमबाज का मागतो, ते यावरून ध्यानात यावे. ही हौस अमर्याद नाही. स्पर्धेचे नियम नळीला १५३ मिमी, माशी-खाच अंतराला २२० मिमी आणि वजनाला १४०० ग्रॅम अशी मर्यादा घालतात. चापाचा ताण किमान १००० ग्रॅम असावाच लागतो.

चाप हे रिव्हॉल्वरचे खरे सौंदर्यस्थळ आहे. अंगठ्याने घोडा चढवून मग चाप ओढला, तर दीड-दोन किलोच्या आत, काच तडकावी तसा तो सुटतो. घोडा न चढवता नुसता चाप ओढला, तर त्याच बोटाला सिलिंडर फिरवणे, घोडा उचलणे आणि सोडणे ही तिन्ही कामे करावी लागतात, आणि ताण चार-पाच किलोंवर जातो. एक किलो वजनाची वस्तू हातात निश्चल धरून तिच्यावर चार किलोंचा जोर लावायचा आणि ती हलू द्यायची नाही, हे किती अवघड आहे, ते शल्यक्रिया करणाऱ्या मित्रांना वेगळे सांगायला नको. म्हणूनच आनंदासाठी नेमबाजी करणारा मनुष्य दर बाराला शांतपणे घोडा चढवतो. सहा बार झाले की थांबतो, रिकाम्या पुंगळ्या काढतो, सहा नवी काडतुसे एकेक करून भरतो. रिव्हॉल्वरच्या नेमबाजीत घाई करताच येत नाही. दिवसाला शंभर रुग्ण तपासणाऱ्या माणसाला हा सक्तीचा संथपणा औषधासारखा लागू पडतो. बाहेरगावी गेलो असता क्लबच्या रेंजवर, क्लबच्या शस्त्राने, घालवलेल्या तासांबद्दल मी हे स्वानुभवाने लिहितो आहे.

या यंत्रामागे उभा असलेला माणूस तर आपल्याच अभ्यासाचा विषय. हात कितीही स्थिर धरला, तरी निरोगी स्नायूंतही सेकंदाला आठ-बारा आंदोलनांचा सूक्ष्म कंप असतोच. श्वास सोडल्यावर जो नैसर्गिक विराम येतो, त्यात काही सेकंद छाती स्तब्ध असते. बार त्याच अवधीत सुटावा. दहा सेकंदांहून अधिक नेम धरून ठेवला तर हात थकतो, दृष्टी धूसर होते. अशा वेळी शहाण्याने हात खाली घ्यावा. द्रोणाचार्यांच्या परीक्षेत अर्जुनाला पक्ष्याचा डोळाच दिसत होता. पिस्तूल-रिव्हॉल्वरच्या शिष्याने मात्र पक्ष्याला अंधूकच होऊ द्यावे आणि सारे लक्ष माशीवर ठेवावे, कारण मानवी डोळा एका वेळी एकाच अंतरावर नीट स्थिरावतो. पन्नाशीनंतर चाळिशीचा चष्मा येथेच घात करतो. लक्ष्य स्वच्छ दिसते, माशी पुसट. हातभर अंतरासाठी नंबर काढून घेतलेली साधी काच हा त्यावरचा उपाय. प्रोग्रेसिव्ह चष्मा येथे उपयोगाचा नाही, कारण त्यात मान तिरकी करावी लागते.

कंप औषधाने घालवता येतो, हे आपल्याला ठाऊक आहे, आणि ते क्रीडाजगतालाही ठाऊक आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू याने पिस्तुलात एक रौप्य व एक कांस्य पदक मिळवले होते. प्रोप्रानोलॉल आढळल्याने दोन्ही पदके काढून घेण्यात आली. नेमबाजीत बीटा-ब्लॉकर स्पर्धेबाहेरही निषिद्ध आहेत. रक्तदाबासाठी ही औषधे घेणाऱ्या एखाद्या होतकरू खेळाडूला आपण वेळीच सावध केले पाहिजे.

मराठी मुलखाला हा खेळ परका नाही. मुंबईच्या अशोक पंडित यांनी १९९० च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत सेंटर फायर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन रायफलमध्ये विश्वविजेत्या झाल्या. त्याच शहराच्या राही सरनोबत यांनी २०१३ साली चांगवोन येथे २५ मीटर पिस्तुलात विश्वचषकाचे सुवर्ण आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक आणले. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या हीना सिद्धू तर पदवीने दंतवैद्य आहेत. कांबळवाडी आमच्या मुळगावाहून काही फार मोठे गाव नव्हे, आणि सह्याद्रीच्या पलीकडे जे घडते ते अलीकडे घडू नये, असे कोणतेही शरीरशास्त्रीय कारण मला आढळलेले नाही.

आता दुसऱ्या रिव्हॉल्वरकडे वळतो. आपल्या देशात सामान्य परवानाधारकाला जे रिव्हॉल्वर सहज लाभते, ते सरकारी कारखान्याचे .३२ बोअरचे, सुमारे तीन इंची नळीचे. २०१४ साली महिलांच्या संरक्षणासाठी म्हणून गाजावाजा करून आणलेले ‘निर्भीक’ तर अवघे अर्धा किलो वजनाचे होते. खिशात किंवा पर्समध्ये मावावे म्हणून नळी आखूड, वजन हलके, माशी ठेंगणी, कपड्यात अडकू नये म्हणून खाच घडीव आणि न हलणारी. अचूकतेसाठी जे जे हवे म्हणून वर सांगितले, त्या प्रत्येकाच्या नेमके उलट. शिवाय असे शस्त्र विकत घेणारा गृहस्थ वर्षानुवर्षे एकही बार काढत नाही. मध्यरात्री, अंधारात, छाती धडधडत असताना, नाडी दीडशेवर गेलेली असताना तो नेम साधेल, ही अपेक्षा कोणत्या शास्त्राच्या आधारावर करायची? चोर त्याच्या गोळीपासून बहुधा सुरक्षितच राहील. घरातील मुले मात्र सुरक्षित राहत नाहीत, कारण त्यांना ते शस्त्र दिवसाउजेडी, निवांतपणे सापडते.

हे भीती घालण्यासाठी लिहीत नाही. १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांच्या बोटांची ताकद मोजली गेली. तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी पाव भाग, पाच-सहा वर्षांच्यांपैकी ७० टक्के आणि सात-आठ वर्षांच्यांपैकी ९० टक्के मुले बहुतेक हातशस्त्रांचा चाप ओढू शकत होती. २००१ साली ‘पीडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकात आलेला प्रयोग याहून बोलका आहे. आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांचे २९ लहान गट एका खोलीत सोडले. तेथे खणात निरुपद्रवी केलेले खरे पिस्तूल होते. २१ गटांना ते सापडले, १६ गटांनी हाताळले आणि १० गटांत कोणीतरी चाप ओढला. हाताळणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना शस्त्राविषयी सावधगिरीची शिकवण आधी मिळालेली होती. आठ वर्षांच्या मुलाचे कुतूहल उपदेशाने थांबत नाही, हे आपल्यातील प्रत्येक पालकाला माहीत आहे. शस्त्र आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत ठेवण्याला पर्याय नाही. औषधांचा डबा आणि कीटकनाशकाची बाटली यांविषयी आपण आयांना जे पुनःपुन्हा सांगतो, तेच येथेही सांगावे लागेल.

डिचोली, सत्तरी, पेडणे या भागांत हा प्रश्न काल्पनिक नाही. कुळागरे आणि शेते यांची रानडुकरांपासून राखण करण्यासाठी परवान्याची बंदूक ठेवणारी घरे आपल्याकडे पूर्वापार आहेत. निवडणूक जाहीर झाली की त्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात आणि मग तक्रारी सुरू होतात, हेही नेहमीचेच. या शेतकऱ्यांशी माझे भांडण नाही. त्यांची गरज खरी आहे. पण घरात बंदूक आहे का आणि ती कुठे ठेवता, हा प्रश्न आपण डॉक्टर तपासणीच्या वेळी कधीच विचारत नाही. लसीकरणाचे कार्ड पाहताना तो एका वाक्यात विचारता येईल. मंडळातील बालरोगतज्ज्ञ व कौटुंबिक डॉक्टरांनी ही सवय लावून घ्यावी, ही माझी पहिली सूचना.

दुसरी सूचना खेळाविषयी. पॅरिसच्या पदकानंतर कित्येक पालकांनी मला विचारले, “डॉक्टर, मुलाचे अभ्यासात लक्ष लागत नाही, शूटिंगला घालू का?” नेमबाजी हा चंचलतेवरचा उपचार आहे, असे मी म्हणणार नाही; तसा दावा करणाऱ्यांपासून सावध राहावे. मात्र हा चांगला खेळ आहे. त्याला उंची, वजन, वेग यांची अट नाही. मुलगी आणि मुलगा एकाच रेषेवर उभे राहू शकतात. हंगेरीच्या कारोय टाकाच याचा उजवा हात १९३८ साली हातबाँबच्या स्फोटात निकामी झाला. त्याने डाव्या हाताने सराव केला आणि १९४८ व १९५२ अशा दोन ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळवले. अपंगत्व आलेल्या मुलांसाठी असे दार उघडे असलेले खेळ फार थोडे आहेत.

आरंभ अर्थात रिव्हॉल्वरने नव्हे, तर १० मीटर एअर पिस्तुलाने व्हावा. त्यात बारूद नाही, धक्का नाही, ४.५ मिमी व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत शक्तीच्या एअर पिस्तुलाला शस्त्रपरवानाही लागत नाही. बारुदाच्या शस्त्राचा परवाना तर कायद्याने २१ वर्षांखाली मिळतच नाही. बारा वर्षांपुढील मुलांना केवळ प्रशिक्षणासाठी, देखरेखीखाली ते हाताळता येते. दहा मीटरच्या रेंजला एक लांबट सभागृह, भक्कम मागची भिंत, चार मार्गिका आणि एक प्रशिक्षक एवढे पुरते. लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे, म्हणजे करंगळीच्या नखाएवढे. ते साधायला शिकलेल्या मुलाला हातातील वस्तूची अदब शिकवावी लागत नाही. रेंजवरील पहिला धडाच तो असतो. नळी सदैव लक्ष्याकडे, बोट चापाबाहेर, आज्ञेवाचून शस्त्राला हात नाही.

“मुलांच्या हाती बंदुका देऊन हिंसेचे बाळकडू कशाला पाजता?” असा आक्षेप एका ज्येष्ठ स्नेह्यांनी माझ्याकडे घेतला. आक्षेपामागची कळकळ मला मान्य आहे. पण बंदुकीची मोहिनी मुलांना रेंजवर पडत नाही. ती चित्रपटात, मोबाईलच्या खेळात आणि कुलूप नसलेल्या कपाटात पडते. रेंजवर ती उतरते. साठ बारांची नोंद वहीत लिहून ठेवणाऱ्या आणि एका गुणासाठी महिनाभर झटणाऱ्या मुलाला पडद्यावरच्या नायकाचा दोन्ही हातांनी केलेला गोळीबार हास्यास्पद वाटू लागतो.

प्रौढ मित्रांसाठी वैद्यकीय सावधगिरीचे दोन शब्द. रिव्हॉल्वरच्या बाराचा आवाज १४० डेसिबलच्या वर जाऊ शकतो. कानातील बोळे आणि वरून संरक्षक कर्णपट्टे दोन्ही वापरावेत, चष्मा तर हवाच. काडतुसाच्या टोपीत आणि गोळीत शिसे असते. बंदिस्त रेंजवर त्याची धूळ श्वासात जाते आणि कपड्यांवरून घरी येते. रांगत्या बाळाच्या रक्तात शिशाची कोणतीही पातळी निर्धोक मानली जात नाही, म्हणून रेंजवरून आल्यावर साबणाने हात धुऊन, कपडे बदलून मगच नातवंडाला उचलावे.

थोडक्यात, माझे मत असे. ज्यांना रिव्हॉल्वरची हौस आहे, त्यांनी ती क्लबमध्ये, लांब नळीच्या, हलक्या काडतुसाच्या, स्वच्छ चापाच्या शस्त्राने पुरवावी आणि ते शस्त्र तिथेच कुलपात ठेवून घरी यावे. आपल्या मंडळाने येत्या वर्षी पंचायत, शाळा व क्रीडा खाते यांच्याकडे डिचोली तालुक्यात एका दहा मीटर रेंजची मागणी करावी. प्रशिक्षणार्थी मुलांची डोळे, कान व पाठीचा कणा यांची तपासणी आपण विनामूल्य करू, असे त्या मागणीपत्रातच लिहावे. मसुदा तयार करण्याचे काम मी आनंदाने अंगावर घेतो. सही करायला किती जण पुढे येतात, ते आता वाचकांनीच सांगावे.